पंचगंगेला जागा कोणी द्यायची?

२०२१ च्या जुलैमध्ये दहा दिवसांच्या आत पाण्याने जगाला तीन ठिकाणी गाठले. १४ आणि १५ जुलैच्या दरम्यान पश्चिम जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात रातोरात वस्त्या वाहून गेल्या. त्या पुरात जर्मनीत १८० हून अधिक माणसे दगावली. २० जुलैला चीनमधल्या झेंगझोऊ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भुयारी रेल्वेच्या डब्यांत अडकलेले प्रवासी बुडाले. २२ जुलैला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली गेले, महाडजवळच्या तळियेवर डोंगर कोसळला, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी ५६ फुटांच्या वर गेली. इथे इशारा पातळी ३९ फुटांची आहे आणि धोका पातळी ४३ फुटांची.

जर्मनी श्रीमंत आहे, चीनच्या सरकारला हुकूम सोडायला वेळ लागत नाही, आपल्याकडे लोकशाही आहे आणि पैसा बेताचा आहे. तरी तिन्ही ठिकाणी पुराने एकच गोष्ट उघडी पाडली. पाण्याची हक्काची जागा माणसाने घेतली होती आणि ती परत कशी द्यायची, हे कुठल्याच व्यवस्थेने ठरवलेले नव्हते. हवामान बदलाशी देश आणि समाज कसे झुंजतात याचा आढावा एरवी परिषदांच्या सभागृहांतून घेतला जातो. मला तो पंचगंगेच्या काठावरून घ्यावासा वाटतो. पूर आल्यावर काय करायचे, हे समाज हळूहळू शिकत आहेत. पण पूर येण्याआधी कोणी काय सोडायचे, हा प्रश्न निघाला की पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखली गावाची ग्रामसभा आणि संयुक्त राष्ट्रांची परिषद सारख्याच अडखळतात, असे माझे मत बनले आहे.

आधी नदीची घडण पाहू. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात, तो पाचशेच्या आसपास येतो. मधले अंतर शंभर किलोमीटरही नाही. घाटातून कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती वेगाने उतरतात, लोकपरंपरेतली गुप्त सरस्वती त्यांत धरली जाते, आणि प्रयाग चिखलीच्या संगमापासून पंचगंगा सुरू होते. इथून पुढे उतार जवळजवळ संपतो. नदी सपाट रानातून वळणे घेत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कोयना आणि वारणेचे पाणी घेऊन कृष्णा आधीच फुगलेली असेल, तर पंचगंगेला पुढे जायला वाट राहत नाही. पाणी मागे तुंबते आणि दिवसेंदिवस हलत नाही. म्हणून कोल्हापूरचा पूर आर नदीच्या पुरासारखा एका रात्रीत येऊन जाणारा नाही. तो चढायला दोन दिवस घेतो आणि उतरायला आठवडा.

पूर इथे नवा नाही. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात नदीचे पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजाने बाहेर पडते तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वर हलवली जाते. ज्या समाजाने देवाला हलवायची रीत घालून ठेवली, त्याला पूर येणार हे पक्के ठाऊक होते. काठच्या मळीच्या, म्हणजे गाळाच्या, जमिनीत पूर्वी पाणी ओसरल्यावरची पिके घेतली जात आणि गावठाण शक्यतो उंचवट्यावर असे.

बदलले काय? पहिले, पाऊस. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पातले वाढते चढउतार आहेत. वर्षाचा पाऊस तेवढाच राहिला तरी तो कमी दिवसांत पडतो. २०२४ हे वर्ष तर मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण ठरले. औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाची रेषा ओलांडणारे ते पहिले पूर्ण वर्ष.

दुसरा बदल आपण केला. २००५ मध्ये पंचगंगा पन्नास फुटांच्या आसपास गेली तेव्हा असा पूर पुन्हा पाहावा लागणार नाही, असे जुन्या माणसांनाही वाटले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली, दोन वर्षांनी ५६ च्या वर. या सोळा वर्षांत शहर नदीच्या दिशेने सरकत राहिले. पूररेषा दोन असतात: साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, हा नियम आहे. पण रेषा कागदावर नक्की व्हायला वर्षे लागली आणि तोवर भराव पडत गेले. जयंती नाल्याच्या काठाने, दुधाळीत, रमणमळ्यात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी कुठून शिरते हे तिथल्या पोराबाळांनाही माहीत आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ मातीच्या भरावावरून नदीचे पूरक्षेत्र ओलांडतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी तो दिवसच्या दिवस बंद राहिला. मधल्या काळात दूध, औषधे, डिझेल सगळे दोन्ही बाजूंना अडकले. भराव काढून तिथे खांबांवरचा पूल करा, ही मागणी तेव्हापासूनची आहे.

जीव वाचवण्याच्या बाबतीत मात्र जगाने खरोखर प्रगती केली आहे, आणि ती नीट सांगितली पाहिजे. १९७० च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसे मेली. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९७२ मध्ये, तिथे चक्रीवादळ पूर्वतयारीची योजना उभी राहिली. आज तिचे सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. बायका अनोळखी पुरुषाच्या सांगण्यावरून घर सोडत नाहीत, हे ध्यानात आल्यावर स्त्री स्वयंसेवक वाढवल्या गेल्या. २०२० च्या अम्फान वादळात बांगलादेशातले मृत्यू काही डझनांवर थांबले. ओडिशाने १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गमावली. २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा जवळपास दहा लाख लोक आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्याही बरीच खाली राहिली.

कोल्हापूरही याच शाळेतून गेले. २०१९ मध्ये पाणी किती चढेल याचा अंदाज ना लोकांना होता, ना यंत्रणेला. 'आमच्या दारात २००५ ला आलं नव्हतं' म्हणून माणसे घरात थांबली. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली. ते दुःख त्या पट्ट्यात अजून ओले आहे. शिरोळ तालुक्यातली गावे बेटे झाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर, नौदल, इथली व्हाइट आर्मी ही स्वयंसेवी संस्था, तालमींची पोरे आणि काहिली वल्हवणारे गावकरी, सगळ्यांनी मिळून लाखांवर लोकांना बाहेर काढले. दोन वर्षांनी पाणी आणखी वर गेले, पण तोवर माणसे शहाणी झाली होती. पातळी चाळिशीच्या पुढे सरकताच जनावरे दावणीची सोडून हलवली गेली, ट्रॅक्टर भरले गेले, शाळा आणि मंगल कार्यालये उघडली. आज पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यात कुठल्याही चहाच्या गाड्यावर बसा, राजाराम बंधाऱ्याचा ताजा आकडा फूट-इंचांत ऐकायला मिळतो. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले हे हवामानाच्या बातमीआधी कळते. सर्वसामान्य माणसाला असलेले नदीचे हे ज्ञान मोलाचे आहे.

पण पाणी उतरल्यावर काय होते? पंचनामे होतात, सानुग्रह अनुदान जाहीर होते. २०१९ मध्ये राज्याने केंद्राकडे ६,८०० कोटींच्या वर मदत मागितली आणि पूरग्रस्त शेतकऱ्यांचे एक हेक्टरपर्यंतचे पीककर्ज माफ केले. मग भिंतीवरचा ओला पट्टा रंगवला जातो आणि माणूस त्याच घरात राहायला लागतो. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही दोन गावे पाहा. संगमाजवळ असल्याने पूर सर्वांत आधी यांच्या दारात येतो. १९८९ च्या पुरानंतर या गावांना उंचावरच्या सोनतळीत भूखंड दिले गेले. तीन दशके उलटून गेली तरी दोन्ही गावे मूळ जागीच नांदत आहेत आणि सोनतळी पुराच्या दिवसांतले आश्रयस्थान झाली आहे. बाहेरचा माणूस सहज म्हणतो, जागा दिली तर जात का नाहीत? पण घर हलवले तरी शेत हलत नाही. म्हशी दोन वेळा धारेला लागतात. वैरण नदीकाठच्या रानात असते. भूखंड मिळतो तो घरापुरता. गोठ्याला, उकिरड्याला, कडब्याच्या गंजीला त्यात जागा नसते. घरात दोनाचे चार भाऊ झालेले असतात आणि भूखंड एकाच्याच नावावर असतो. ज्याची चूल दुधावर चालते, त्याला रोज काही किलोमीटर लांबून येऊन धार काढायला सांगणे म्हणजे धंदा सोडायला सांगणे आहे.

नेदरलँड्सने नेमका हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. १९५३ च्या समुद्री पुरात तिथे १,८३६ माणसे गेली, त्यानंतर त्यांनी जगातले सर्वांत भक्कम बांध घातले. तरी १९९३ आणि १९९५ मध्ये नद्या फुगल्या आणि दुसऱ्या वेळी अडीच लाख लोकांना हलवावे लागले. बांध वाढवत नेण्याला अंत नाही, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आले. मग 'नदीला जागा' नावाची योजना आली. तीसहून अधिक ठिकाणी, दोन अब्ज युरोंहून जास्त खर्च करून, बांध मागे सरकवले, पात्र मोकळे केले. नायमेखन शहरासमोर तर बांध साडेतीनशे मीटर मागे नेला. ओव्हरडीप नावाच्या खोलगट भागात दूध धंद्यावर जगणारी शेतकरी कुटुंबे होती. महापुराच्या वेळी हे रान पाण्याला द्यायचे ठरले, तेव्हा शेतकऱ्यांनी स्वतःच आराखडा मांडला: बांधाच्या कडेला मातीचे उंच चौथरे करा, घर आणि गोठा दोन्ही त्यावर घ्या, खालच्या कुरणात एरवी गाई चरतील, पूर आला की पाणी येईल. आठ चौथरे झाले. सगळ्यांना तिथे राहणे जमले नाही. बाकीच्यांना मोबदला मिळाला आणि ते दुसरीकडे गेले. जमीन, गोठा आणि घर यांचा तिथे एकत्र विचार झाला, आणि जे सोडले त्याची किंमत सगळ्या देशाने भरली. सोनतळीत याच दोन गोष्टी राहून गेल्या.

श्रीमंती असली की हे आपोआप जमते असेही नाही. आर खोऱ्यातल्या आणि आसपासच्या पुरानंतर जर्मनीने पुनर्बांधणीसाठी ३० अब्ज युरोंचा निधी उभारला, तरी खोऱ्यातली बहुतेक घरे पुन्हा त्याच काठावर उभी राहिली. लोकांना आपले गाव हवे होते आणि विम्याचे व मदतीचे नियमही पूर्वीच्या जागी पूर्वीसारखे बांधण्याच्या बाजूने होते. चिखलीच्या माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही.

आता अलमट्टी. कोल्हापूर-सांगलीत पुराचा विषय निघाला आणि अलमट्टीचे नाव आले नाही, असे होत नाही. कर्नाटकातल्या या धरणाची उंची सध्या ५१९.६० मीटर आहे, साठवण १२३ टीएमसी (अब्ज घनफूट). कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने त्यासाठी लागणाऱ्या जमिनीचे दर ठरवले. इकडे मोर्चे निघाले, रस्ते अडले. काठावर राहणाऱ्याला ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण २०१९ नंतर राज्य सरकारनेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टी आणि कर्नाटकातल्याच हिप्परगी बंधाऱ्याला त्या पुराचे मुख्य कारण ठरवले नाही. अतिवृष्टी, पात्रातली अतिक्रमणे आणि आपल्या खोऱ्यातले अडथळे यांकडे बोट दाखवले. ते निष्कर्ष इथल्या अनेक अभ्यासकांना मान्य नाहीत आणि वादाला जागा आहे. मला खटकते ते वेगळेच. दोन राज्यांच्या धरणांचे पाणी जुलै-ऑगस्टमध्ये कधी, किती सोडायचे याचा दररोजचा, लोकांना उघडपणे दिसणारा करार असायला हवा. त्यासाठी जेवढा जोर लावायला हवा होता तेवढा आपण लावला नाही. आणि अलमट्टीवर चर्चा संपते तिथे शिरोलीचा भराव, जयंती नाल्याचा गळा आणि निळ्या रेषेतली बांधकामे चर्चेला यायचीच राहतात.

सीमा ओलांडणाऱ्या नदीवर शेजारी एकत्र येऊ शकतात, याचा दाखला ऱ्हाइनचा आहे. स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांचा आयोग १९५० पासून होता, पण कागदोपत्री. १ नोव्हेंबर १९८६ ला बाझलजवळच्या सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. विझवण्याच्या पाण्यासोबत कीटकनाशके नदीत गेली, पाणी लाल झाले, शेकडो किलोमीटरपर्यंत बाम मासे मेले. त्या धक्क्यानंतर वर्षभरात या देशांनी कृती योजना केली आणि तिचे उद्दिष्ट कुठल्याही शेतकऱ्याला समजेल असे ठेवले: नदीत सामन मासा परत आला पाहिजे. तो आला.

पंचगंगेचा मासाही मरतो आणि तोही बातमीत येतो. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच अनेकदा लागला आहे. वर कोल्हापूरचे सांडपाणी, मध्ये इचलकरंजीच्या कापड प्रोसेसर्सचे रंगीत पाणी, साखर कारखान्यांची मळी. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि अनेकांचे बळी गेले. उच्च न्यायालयात याचिका झाल्या, आंदोलने झाली. तरी निष्पन्न काय, तर प्रत्येक शहराने स्वतःची नदी सोडून दुसरीकडे पाणी शोधले. कोल्हापूरने काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन आणली, २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आले. इचलकरंजीने आधी वारणेचे पाणी मागितले, तिथे विरोध झाला. मग दूधगंगेवरच्या सुळकूडची योजना मंजूर झाली, तिला कागल तालुक्याने विरोध केला. इचलकरंजीच्या गृहिणीला चार-पाच दिवसांनी येणारे पाणी भरावे लागते आणि कागलच्या शेतकऱ्याला आपला उन्हाळा कोरडा जाईल असे वाटते. दोघांचीही तक्रार खरी आहे. नदी साफ ठेवली असती तर हे भांडण उभेच राहिले नसते. यातला विरोधाभास २०१९ ला सगळ्यांनी भोगला. बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रे बुडाली आणि महापुरात वेढलेल्या शहराला पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली.

डोंगराची गोष्ट तर याहून रेंगाळलेली. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. त्याचा गाभा होता की कुठे काय चालावे हे ग्रामसभांना विचारून ठरवा. अहवाल लोकांपर्यंत मराठीत वेळेवर पोचला नाही. पोचली ती 'घर बांधता येणार नाही, शेणखतसुद्धा टाकता येणार नाही' अशी भीती. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या गावांनी ठराव केले ते या भीतीपोटी. मग २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. २०१४ पासून केंद्राने मसुद्यामागून मसुदे काढले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, म्हणजे वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसे गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाचा. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. दशकाहून अधिक काळ असा गेला आणि मधल्या काळात बॉक्साइटच्या खाणी, फार्म हाऊस आणि घाटरस्ते आपापल्या गतीने पुढे गेले. राधानगरीचे जंगल टिकले आहे ते शाहू महाराजांच्या काळात राखलेल्या शिकारीच्या रानामुळे आणि १९५८ च्या दाजीपूर अभयारण्यामुळे. तेच जंगल भोगावतीचे पाणी धरून ठेवते.

याच पार्श्वभूमीवर राज्याने जागतिक बँकेच्या कर्जातून सुमारे ३,२०० कोटींचा कार्यक्रम हाती घेतला आहे. त्यातला लोकांच्या कानावर पडलेला भाग म्हणजे कृष्णा खोऱ्यातले पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवणे. कल्पना मनाला भावते. इथे बुडते, तिथे तहान, मग वाटून घेऊ. पण साधे गणित मांडू. एक लाख क्युसेकचा (सेकंदाला एक लाख घनफूट) विसर्ग दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीपेक्षा थोडे जास्त पाणी होते. राधानगरी धरण काठोकाठ भरले तरी त्यात तेवढे मावत नाही. २०१९ मध्ये अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या वर पाणी सोडले जात होते. पुराच्या आठ दिवसांत बोगदा किंवा कालवा यातले किती उचलणार? वळवलेले पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळाले तर आनंदच आहे, पण त्यामुळे कोल्हापूरचा पूर टळेल असे कोणी मानू नये. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचले की आपणहून उघडतात. शंभर वर्षांपूर्वी शाहू महाराजांनी हे धरण दुष्काळाच्या धास्तीने आखले होते. ते पाणी साठवण्यासाठी आहे, पूर रोखण्यासाठी नाही, हे विसरून चालणार नाही.

जागतिक पातळीवरचे चित्र फारसे वेगळे नाही. विकसित देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला वचन दिले की २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. ती रक्कम पहिल्यांदा पूर्ण भरली २०२२ मध्ये. त्याच वर्षी शर्म अल शेखला हानी आणि नुकसानीचा निधी मान्य झाला. पुढच्या वर्षी दुबईत त्यासाठी जमलेली वचने ७० कोटी डॉलरच्या आसपास होती. एकट्या जर्मनीने एका पुरासाठी केलेल्या तरतुदीशी ती ताडून पाहावी. २०२४ मध्ये बाकूत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा गरीब देशांची मागणी १,३०० अब्जांची होती. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने पॅरिस करारातून दुसऱ्यांदा अंग काढून घेण्याचे जाहीर केले. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले आहे आणि वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता जीवाश्म इंधनाबाहेरची करण्याचे उद्दिष्ट मुदतीआधी, २०२५ मध्येच, गाठले. आपले हे काम कौतुकाचे आहे. पण त्या परिषदांत आपण श्रीमंत देशांना जे बजावतो, की ज्यांनी भोग घडवले त्यांनी भरपाई द्यावी, तेच सूत्र आपल्या जिल्ह्यात लावायला आपण कचरतो. पुराचे पाणी नदीकाठच्या शेतकऱ्याच्या रानात पसरते म्हणून शहरातला बराच भाग कोरडा राहतो. त्या शेतकऱ्याला शहर काय देते?

उसाचा विचार इथे टाळता येत नाही. मळीच्या जमिनीतही आता ऊसच आहे, कारण ऊस चार-सहा दिवस पाण्यात उभा राहतो आणि सोयाबीन राहत नाही. पण शेंडा बुडाला, सुरळीत गाळ बसला की तोही गेला. इथेनॉलमुळे उसाचा भाव टिकला. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. उत्सर्जनाच्या हिशेबात ते जमेला धरले जाते, पण त्यामुळे नदीकाठचा प्रत्येक गुंठा उसाखाली राहण्याचे बळही वाढते. एका बाजूने हवामानाला मदत आणि दुसऱ्या बाजूने पुरात तोटा, असे हे धोरण आहे आणि त्याचा एकत्र हिशेब कोणी मांडत नाही.

तरी निराश व्हायचे कारण नाही, कारण या जिल्ह्याने सोडून देण्याची आणि वाटून घेण्याची रीत स्वतः घडवलेली आहे. शिरोळ तालुक्यात वर्षानुवर्षे पाण्याच्या अतिवापराने हजारो एकर जमीन क्षारपड झाली होती. पांढरी, चरचरीत, गवतही न उगवणारी. एकट्या शेतकऱ्याला ती सुधारता येत नाही. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारे पाणी बाहेर काढायचे तर ते शेजाऱ्याच्या रानातून, मग त्याच्या शेजाऱ्याच्या रानातून ओढ्यापर्यंत न्यावे लागते. एकानेही अडवले की काम थांबले. श्री दत्त शेतकरी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने हे काम अंगावर घेतले. गावागावांत शेतकरी एकत्र केले, कर्जाची सोय लावली, बांधाचे वाद मिटवले. जिथे मीठ फुटत होते तिथे पुन्हा ऊस उभा आहे. ज्याने बांध फोडायला परवानगी दिली त्याला फायद्यात वाटा होता आणि हमी घेणारी, ओळखीची संस्था मधे होती, म्हणून हे घडले.

निळ्या रेषेतल्या जमिनीचे काम याच वाटेने होऊ शकते. पाणी उतरल्यावर पंचनाम्याची वाट पाहायला लावण्याऐवजी, नदीकाठच्या शेतकऱ्याला दरवर्षी ठरलेले भाडे द्यावे: पूर येवो न येवो, पाण्याला जागा ठेवल्याबद्दल. बदल्यात तिथे भराव नको, बांधकाम नको. वैरण, गवत, पाणी ओसरल्यावरची पिके चालतील. गोकुळसारख्या दूध संघाला ती वैरण हवीच असते. भाड्याचा एक वाटा महापालिकेने पूर टळलेल्या भागांच्या घरपट्टीतून, एक राज्याने आणि एक कारखान्यांनी गाळप झालेल्या प्रत्येक टनामागे उचलावा. चिखली-आंबेवाडीसाठी सोनतळीत घराबरोबर गोठ्याला जागा, भावांच्या नावे वेगळे उतारे आणि चाऱ्याच्या वाहतुकीची सोय द्यावी. महामार्गाचा भराव काढण्यासाठी पैसा मागायला कोल्हापूरने दिल्लीत पक्षभेद विसरून जावे. यातले काहीही नवे तंत्रज्ञान मागत नाही.

साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये भरतात. महापुराचे पाणी नुकतेच उतरलेले असते, सभासद नदीकाठचेच असतात आणि एफआरपीवर, म्हणजे उसाच्या रास्त दरावर, तासन् तास बोलणी चालतात. त्या विषयपत्रिकेवर एफआरपीच्या खाली पुढचा विषय म्हणून 'निळ्या रेषेतल्या जमिनीचे भाडे' असे लिहायला कुणाच्याही परवानगीची गरज नाही. येत्या सभेपासून ते लिहावे.